आतला दिवा: नाताळच्या महिन्यात वापरलेला २८ लिटरचा ओटीजी

ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेली विजेवरची छोटी भट्टी, घ्यायचा हे आमच्या घरात चार-पाच वर्षं नुसतं बोलण्यातच होतं. शेवटी घेतला तो खुब्याच्या हाडामुळे.

२८ नोव्हेंबरच्या सकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरल्या. वय ७८. उजवा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि ३ डिसेंबरला आम्ही त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, दिवसातून तीनदा वॉकर धरून चालायचं आणि चालताना सोबत माणूस हवंच. हे दिवसभर कामावर, मुलगी कॉलेजात, थोरला पुण्याला. डिसेंबरभर मी घराबाहेर पडणार नाही हे दवाखान्यातच ठरलं.

आणि डिसेंबर म्हणजे आमच्याकडे नाताळ. आम्ही नगरचे, आता अहिल्यानगर म्हणतात तिथले. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचं काम इथे १८३१ साली सुरू झालं. आमचं घर पाच पिढ्या त्याच मंडळीतलं. आमचा नाताळचा फराळ शेजारच्यांच्या दिवाळीसारखाच असतो, करंज्या, शंकरपाळे, चिवडा, अनारसे. त्यात भर दोन गोष्टींची, नानकटाई आणि केक. या दोन्ही गोष्टी आमच्या घरात आजवर कधी भाजल्या गेल्या नव्हत्या. त्या भट्टीत जायच्या.

भट्टीचं सांगितल्याशिवाय ओटीजीचं सांगता येणार नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडाची भट्टी आहे. रात्रीतून आत लाकूड जळतं, विटांचा घुमट तापला की निखारे बाजूला ओढतात आणि पाव लावतात. पावाला सगळ्यात कडक धग लागते. पाव निघाले की विटा हळूहळू निवत जातात. अकराच्या सुमाराला ती धग नानकटाईच्या जोगी होते आणि दुपारी केकच्या. भट्टीवाल्या चाचांकडे ना काटा ना डायल. ते दारापाशी हात धरतात आणि सांगतात, "अजून अर्धा तास थांबा, आता लावली तर करपेल." १५ डिसेंबरनंतर तिथे रांग लागते. मळलेलं पीठ डब्यातून न्यायचं, त्यांच्या काळ्या पत्र्यांवर तिथेच बसून नानकटाया वळायच्या, पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवायची. ईदच्या आधी, दिवाळीच्या आधीही हीच रांग, फक्त चेहरे वेगळे. मी लग्न होऊन आले त्या वर्षी आईंनी मला त्या रांगेतच साऱ्या मोहल्ल्याला दाखवलं होतं.

यंदा रांगेत कोण बसणार? म्हणून ५ डिसेंबरला ओटीजी घरी आला.

कंपनीचं नाव मी देत नाही. पुढे एक तक्रार सांगणार आहे आणि ती कदाचित माझ्या एकाच यंत्राची असेल. शिवाय या मापाचे ओटीजी पाच-सहा कंपन्या विकतात आणि आतून ते जवळपास सारखेच असतात: २८ लिटर, १५०० वॅट, वर दोन रॉड, खाली दोन रॉड, गरम हवा फिरवणारा पंखा, तापमानाचा एक डायल, रॉडचा एक, वेळेचा एक. मला ७,२०० रुपयांना पडला. माझ्या यंत्रात आत एक दिवा आहे. दिव्याचं मी शेवटी सांगते, कारण या महिन्यात माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा तोच ठरला.

पहिली गोष्ट, ती कुणीच आधी सांगत नाही. ओटीजीची पिन जाड असते, १६ अँपिअरची. आपल्या साध्या सॉकेटात ती जातच नाही. दुकानदार एक जोडणी हातात देतो आणि म्हणतो, ही लावा, चालतं. चालत नाही. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, तेही तास-दीड तास सलग, आणि साधं सॉकेट ६ अँपिअरचं. आमच्या स्वयंपाकघरात एकच जाड सॉकेट होतं, गिझरच्या वायरवरचं. ९ तारखेला सकाळी सहाला मी पाव भाजायला लावले आणि त्याच वेळी ह्यांनी अंघोळीसाठी गिझर लावला. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, पडला, सगळं घर अंधारात, आणि आई त्या वेळी कमोडच्या खुर्चीवर. बाहेर कडाक्याची थंडी. डिसेंबरात नगरचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा फरशीवर पाय ठेववत नाही. मी चाचपडत त्यांच्यापाशी गेले तर त्याच मला म्हणाल्या, "घाबरू नको पोरी, मी धरलंय." त्याच दिवशी वायरमनला बोलावलं. मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी, वेगळं सॉकेट: १,४०० रुपये. ओटीजीची किंमत धरताना हे पैसे त्यात धराच.

वेगळं सॉकेट काढायचंच होतं, तर ते मी मधल्या खोलीत काढून घेतलं. तिथे आईंची खाट आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तसाही ओटीजी मावत नव्हता. त्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं तरी मोकळी जागा लागते, बाहेरचा पत्रा चांगलाच भाजतो. जुन्या लोखंडी टेबलावर, भिंतीपासून पुढे ओढून ठेवला. खाटेपासून बरोबर अकरा पावलं. हे अंतर मी मोजून ठेवलं नव्हतं, ते आपोआप आलं.

नवा ओटीजी पहिल्यांदा रिकामाच पंधरा मिनिटं पूर्ण आचेवर चालवायचा. रॉडवरचं तेलकट लेपण जळतं, धूर येतो, वास येतो. खिडक्या उघडून करा. घरात आजारी माणूस असेल तर त्यांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत न्या. मी ते स्वयंपाकघरातच उरकलं, मग यंत्र आत आणलं.

आता डायल. डायलवर विश्वास ठेवू नका.

आमचा पहिला केक ८ तारखेचा. बेदाणे, काळ्या मनुका, खजूर, चेरी, अक्रोड हे सगळं मी ६ तारखेला संत्र्याच्या रसात भिजवून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. आमच्या घरात रम चालत नाही. डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात येतात आणि त्यांचा रस कशाला कमी नाही. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ. साखर जाळून केलेलं काळं पाणी रंगासाठी. साखर काळपट तपकिरी झाली की गरम पाणीच घालायचं आणि हात लांब ठेवायचा, फार उडतं ते. कृतीत १८० लिहिलं होतं, मी डायल १८० वर ठेवला, वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू. चाळीस मिनिटांत वरून काळा ठिक्कर, तासाने सुरी घातली तर आत ओलं पीठ. अर्धा किलो मैदा, सहा अंडी, सगळा मेवा. मला रडू आलं. आधीचे दहा दिवस मी दवाखान्यात, घरात, कुठेच रडले नव्हते.

मुलीने दुसऱ्या दिवशी ओटीजीत ठेवायचा तापमापक मागवला, ४५० रुपयांचा, जाळीला अडकवायचा. तो सांगतो ते ऐकून मी थक्क झाले. डायल १८० वर, आत २१०. वीस मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं, तेच. म्हणजे चाचा हात धरून जे सांगतात तेही आमच्या डायलला जमत नव्हतं. मग मी एक संध्याकाळ फक्त मोजण्यात घालवली आणि चिठ्ठी लिहून यंत्राच्या वर भिंतीला चिकटवली: डायल १३० म्हणजे आत साधारण १६०, डायल १५० म्हणजे १८०. तुमच्या यंत्राचे आकडे वेगळे असतील. मोजल्याशिवाय मेवा घालू नका. आणखी एक, डावीकडचा मागचा कोपरा जास्त तापतो, म्हणून अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवायचा. मेव्याचा केक खालच्या जाळीवर, पंखा बंद, आतली आच १६०च्या आत, वर बटर पेपरचं झाकण आणि दीड तास. १२ तारखेचा केक असा झाला. कापल्यावर आईंनी तुकडा बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "भट्टीचा वाटतो." त्यांच्या तोंडून याहून मोठी पावती नाही.

विजेचंही सांगते, कारण सगळे तेच विचारतात. फ्रिज, टीव्ही, सगळं बंद ठेवून मी केकच्या आधी आणि नंतर मीटर पाहिला. दीड तासाला सव्वा युनिट. रॉड सतत पेटलेले नसतात, हवी ती आच आली की बंद होतात आणि उतरली की पुन्हा लागतात, म्हणून १५०० वॅटच्या हिशेबाने येतं त्यापेक्षा कमी.

नानकटाईला मात्र ओटीजी पुरत नाही, हे स्पष्ट सांगते. आईंचं प्रमाण, त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या मला पुन्हा एकदा घोकून घेतलं: मैदा १ किलो, बेसन पाव किलो, तूप पाऊण किलो, पिठीसाखर पाऊण किलो, वेलदोडा, जायफळ. आधी तूप आणि साखर तळहाताने फेसायची, इतकी की पांढरी शुभ्र होऊन हलकी व्हावी. पीठ शेवटी, आणि मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. त्याच्या नव्वद-एक नानकटाया होतात. या ट्रेवर एका वेळी १२ मावतात, जवळ ठेवल्या तर पसरून एकमेकींना चिकटतात. म्हणजे आठ घाणे, प्रत्येकाला वीस मिनिटं. पावणेतीन तास मी त्या टेबलापाशी उभी होते. भट्टीत दोन पत्रे एकदम आत जातात आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत बाहेर येतात. चवही वेगळी. भट्टीतल्या नानकटाईला खालून एक खरपूसपणा असतो, विटांचा आणि काळ्या पत्र्याचा. तो या ट्रेवर आला नाही. पंखा लावला तर कडा लवकर तांबूस होतात आणि मधला भाग कच्चा राहतो. नानकटाईसाठीच ओटीजी घेणार असाल तर घेऊ नका, जवळपास भट्टी असेल तर तिकडेच जा.

पावासाठी घ्या. पावासाठी जरूर घ्या. दुधात मळलेले, छोटे, एकमेकांना टेकलेले नऊ पाव, खालचा-वरचा रॉड, वीस मिनिटं. आईंची दाताची कवळी दवाखान्यात असताना सैल झाली होती, भाकरी चावत नव्हती. गरम पाव दुधात बुडवून त्या पहिल्यांदा पोटभर जेवल्या. पाव काढल्यावर मी यंत्र बंद करून दार उघडं ठेवायची. दहा-पंधरा मिनिटं त्यातून ऊब येत राहायची आणि आई खाटेवरून हात पुढे करायच्या, शेकोटीपुढे करतात तसे. ओटीजी ही खोली तापवायची वस्तू नाही आणि चालू असताना दार उघडं ठेवायचंही नाही. पण भाजून झाल्यावर उरलेली धग वाया का घालवायची?

भरताचं वांगं, रताळी, पनीर हेही करून पाहिलं. रताळी उत्तम होतात. वांगं गॅसवरच भाजा, धुराचा वास आल्याशिवाय भरीत नाही.

वीज जाणं ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही, पण केक आत असताना गेली की काय करायचं ते कुठे लिहिलेलं नसतं. १७ तारखेला संध्याकाळी दुसरा मोठा केक आत होता आणि गल्लीला वीज देणारा कोपऱ्यावरचा डीपी उडाला. इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही, त्या फंदात पडू नका. केकला पन्नास मिनिटं झाली होती. मी दार उघडून बघणार तेवढ्यात आई ओरडल्या, "उघडू नको! भट्टीसुद्धा विस्तव काढल्यावरच भाजते." मी दाराला हात लावला नाही, वरून जाड टॉवेलही टाकला नाही कारण पत्रा तापलेला होता. नुसती थांबले. पंचवीस मिनिटांनी वीज आली तेव्हा तापमापकावर ११० होतं. पुन्हा चालू केलं, चाळीस मिनिटं जास्त दिली. केक बसला नाही. वरचा पापुद्रा जरा जाड झाला एवढंच. दार उघडलं असतं तर मधे खड्डा पडला असता, याची मला खात्री आहे.

आता तो दिवा.

घरी आणल्यापासून आई चालायला तयार नव्हत्या. फिजिओथेरपीचा मुलगा रोज पाचला यायचा, त्याच्यासमोर चार पावलं टाकायच्या आणि तो गेला की पडून राहायच्या. दुखत होतंच, पण त्याहून जास्त भीती होती. पुन्हा पडेन. मी समजावलं, ह्यांनी समजावलं, चर्चचे पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, त्यांनीही समजावलं. १२ तारखेला केक आत होता, मी स्वयंपाकघरात होते, आणि वॉकरचा आवाज आला. टक, टक. धावत गेले तर आई उठून उभ्या होत्या. म्हणाल्या, "फुगला का ते बघायचंय." मी मागे हात धरून उभी राहिले. अकरा पावलं. ओटीजीच्या काचेतून, आतल्या पिवळ्या दिव्यात, केक वर येताना दिसत होता, मधे अजून थरथरत होता. आई वॉकरवर वाकून बघत राहिल्या. "साठ वर्षं झाली केक करतेय," त्या म्हणाल्या, "पण फुगताना आज पहिल्यांदा बघितला." भट्टीचं दार लोखंडाचं. आत काय चाललंय ते फक्त चाचांना कळतं.

त्या दिवसापासून आमचं ठरूनच गेलं. दिवसातून तीनदा काहीतरी आत जायचं. सकाळी पाव, दुपारी रताळं नाहीतर नानकटाईचा एखादा घाणा, संध्याकाळी केक किंवा टोस्ट. आणि तीनदा आई उठून बघायला यायच्या. जाताना अकरा, येताना अकरा. फिजिओथेरपीच्या मुलाने वहीत लिहून ठेवलं आणि मला म्हणाला, काकू, हे यंत्र बंद करू नका. दुकानात बघताना माझ्या मनात एक स्वस्त यंत्र होतं, ९०० रुपयांनी कमी, त्यात दिवा नव्हता. मुलीने हट्ट धरला म्हणून हे घेतलं. तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल, लहान मूल असेल, तर दिवा असलेलाच घ्या.

१९ तारखेच्या रात्री साडेअकराला कॅरलवाले आले. तरुण मंडळी, २२ जण, ढोलकी, झांजा, एक गिटार. दर वर्षी ते अंगणात गातात. यंदा आईंच्या खोलीच्या खिडकीपाशी उभे राहिले. नवी गाणी झाली, मग आईंनी आतून सांगितलं, टिळकांचं म्हणा. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक याच नगरात राहिले, त्यांची भजनं अभंगाच्या चालीवरची, इथल्या प्रत्येक घराला तोंडपाठ. आईंचा आवाज बारीक झालाय, पण सूर सुटला नाही. मी त्या वेळात ४० नानकटाया गरम करून चहाबरोबर दिल्या. गरम करायला हे यंत्र फार चांगलं: आत १२०, पाच मिनिटं, आणि आठवड्याच्या नानकटाईला ताजेपणा येतो.

आणि मग २२ तारखेला सकाळी खालचा एक रॉड गेला.

पाव खालून पांढरे राहिले तेव्हा लक्षात आलं. दार उघडून पाहिलं तर तीन रॉड लाल आणि एक काळा. नाताळचे तीन केक व्हायचे होते: एक चर्चमध्ये द्यायचा, एक घरचा, एक शेजाऱ्यांच्या ताटांसाठी. नाताळला आम्ही गल्लीतल्या १४ घरी ताटं देतो. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येतो, ईदला शीरखुर्मा येतो, त्यात खंड पडून चालत नाही. कंपनीच्या नंबरला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकवलं, मग तक्रार लिहून घेतली आणि म्हणाले, ४८ तासांत माणूस येईल. ४८ तास म्हणजे २४ तारीख. कुणी आलं नाही. पुन्हा फोन केला तर सुट्ट्या आहेत म्हणाले. दोन वर्षांची वॉरंटी आणि १७ दिवसांत रॉड जातो, हे मला पटलं नाही आणि मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं. सणाच्या तोंडावर हजारो घरांत हे यंत्र विकायचं आणि सणात माणूस पाठवायचा नाही, हे बरोबर नाही.

२३ला शेजारच्या वहिनींचा मुलगा माझे तिन्ही केक, टिनांसकट, सायकलवर दोन खेपा करून भट्टीवर घेऊन गेला. चिठ्ठ्यांवर आईंचं नाव. चाचांची यादी दोन दिवस आधीच भरली होती. त्या मुलाने येऊन सांगितलं, चाचांनी चिठ्ठी वाचली, विचारलं, आजी कशा आहेत, आणि स्वतःच्या दुकानाच्या मालाचा एक पत्रा मागे ठेवून आमचे टिन आत सरकवले. संध्याकाळी केक आले. वरून एकसारखे, गडद, कडा कुठेही करपलेली नाही. आईंनी वास घेतला आणि काही बोलल्या नाहीत. मला वाटतं त्यांना रांग आठवली असावी.

२४ला रात्री थोरला पुण्याहून निघाला. १२० किलोमीटरचा रस्ता, गाड्यांची रांग लागलेली, घरी पोचला तेव्हा एक वाजला होता. तीन रॉडवरही पाव गरम होतात. त्याला पाव आणि मटणाचा रस्सा दिला. आई जाग्या होत्या. त्याच्यासमोर चालून दाखवायचं म्हणून रात्री एक वाजता त्यांनी वॉकर मागितला, आणि मी नाही म्हटलं नाही.

२५ला आम्ही पाळीपाळीने उपासनेला गेलो, आधी हे आणि मुलगी, मग मी आणि थोरला. आई जाऊ शकल्या नाहीत. २६ला पाळकसाहेब घरी आले आणि त्यांनी आईंना खाटेवर प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा प्रसाद, दिलं. आईंनी त्यांना आग्रहाने ओटीजी दाखवला, आतला दिवा लावून.

कंपनीचा माणूस ३० तारखेला आला. भला मुलगा होता. मागचा पत्रा उघडला, रॉड बदलला, वीस मिनिटांत काम झालं, पैसे लागले नाहीत. जाताना म्हणाला, लाँग बेकिंगनंतर लगेच फडक्याने पुसू नका, तापलेल्या रॉडवर पाण्याचा थेंब पडला की तो जातो. हे सूचनांच्या कागदावर बारीक अक्षरांत होतं, मी वाचलं नव्हतं. रॉड त्यामुळेच गेला का, ते त्यालाही सांगता येईना. तरी मी आता यंत्र पूर्ण निवल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळीच पुसते.

आईंनी त्याला नानकटाई खायला लावली, एक खिशात घालून दिली, आणि तो निघाला तेव्हा वॉकर घेऊन त्याच्या मागे दारापर्यंत गेल्या. आमच्या दारावर अजून नाताळची चांदणी टांगलेली होती, लाल कागदाची. ती आईंनी या वर्षी तोवर पाहिलीच नव्हती. खाटेपासून दारापर्यंत २६ पावलं होतात.